नॉब अर्ध्यावर

सातपूरच्या त्या बिनपाटीच्या इमारतीत
अकरा वर्षं मी उंदरांना झोपवतो.
घरी विचारलं तर म्हणतो, कंपनीत आहे.

आधी काचेची बरणी होती.
तळाशी ईथरचा बोळा, त्यावर जाळी,
झाकणाला ग्रीस.
उंदीर काचेला टेकून उभा राहायचा,
पुढचे दोन पाय नुसते निसटत राहायचे
वर, खाली, वर,
आणि मग पडायचा.
पडला की वहीत लिहायचं: शांत.
खैरनार म्हणायचे,
चाळीस सेकंदांचा तर प्रश्न आहे, हौशीराम.
मी मोजले होते. बासष्ट.

मग मशीन आलं.
अक्रिलिकचा डबा, ऑक्सिजनची नळी,
जांभळ्या पट्टीचं आयसोफ्लुरेन,
आणि एक गोल नॉब, शून्य ते पाच.
खैरनार थेट पाचावर.
डबा आधीच भरून ठेवायचा, मग उंदीर आत.
तेच पाय.
फक्त लवकर.

गेल्या पौषात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, सिव्हिलला.
टेबल गार. कुणीतरी डोक्यामागून मास्क दाबला,
न सांगता,
आणि त्या वासाला माझ्या अंगाने
माझ्याआधीच नाही म्हटलं.
दोघांनी हात धरले. एकाच्या मनगटाला
तंबाखूचा वास होता, तेवढा बरा वाटला.
डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: भूल सुरळीत.

रजेवरून परतलो तर नव्या डॉक्टर आलेल्या,
मृणाल निरभवणे, आडगावहून स्कूटीवर येतात.
डब्याजवळ बराच वेळ उभ्या होत्या.
मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं?
या इमारतीत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.
म्हटलं, मॅडम, आधी नुसती हवा द्या.
वास मागून येऊ दे,
पाहुणा दाराशी खाकरतो, तसा.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

आता असं करतो:
तिकडे निफाडच्या अंगाला पारा पाचावर उतरलेला असतो,
द्राक्षबागांतून रात्रीच्या शेकोट्यांचा धूर अजून उठत असतो,
तेव्हा मी येऊन डब्याखाली गरम गादी लावतो.
त्यांच्याच पिंजऱ्यातला मूठभर भुसा आत टाकतो,
नवा नाही, वापरलेला, त्यांच्या वासाचा.
एकटा कुणालाच ठेवत नाही, सोबती बरोबर.
वर हिरवं कापड, अर्धं ओढलेलं.
नुसता ऑक्सिजन. मी श्वास मोजतो, त्यांचे,
कधीकधी चुकून स्वतःचे.
मग नॉब अर्ध्यावर.
थांबायचं.
एकावर.
पुन्हा थांबायचं, हात खिशात घालून,
कारण हाताला घाई असते.

एकोणीस नंबरने आज
अठराच्या पाठीवर हनुवटी ठेवली
आणि तशीच राहू दिली.
डबा हलकेच कलता केला, तो सावरला नाही.
उंदीर भुलीत डोळे मिटत नाही,
ते आपण मलम लावून सांभाळायचे असतात.
मी लावलं. त्या काळ्या-लाल मण्यात
ट्यूबलाइट होती आणि माझं नाक, भलं मोठं.
बोटाला चिमटा घेतला. काही नाही.
मॅडम, घ्या.

खैरनार दारातून म्हणाले,
पाच-पाच मिनिटं जास्त जातात रे,
शुक्रवारी तर ते सगळे…
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही,
आणि चहा घ्यायला बोलावलं.

शुक्रवारी काय आहे ते मला ठाऊक आहे.
शुक्रवारची लेबलं मीच लिहितो,
माझं अक्षर बरं आहे म्हणून.
आज बुधवार.

वहीतला 'शांत'चा रकाना मी खोडला नाही,
त्याच्या शेजारी पट्टीने एक रेघ मारून
दुसरा आखलाय.
पाय किती वेळा घसरले, ते त्यात लिहितो.
अठरा: एकदाही नाही.
एकोणीस: दोनदा.